अकरा सेकंदांची गाडी : तारांची मांडणी व उष्णतेचा निचरा

दोन मोटारी सरळ रस्त्यावर शेजारी शेजारी उभ्या करावयाच्या, दिव्याचा इशारा मिळताच त्यांनी सुटावयाचे आणि पाव मैलाचे, म्हणजे सुमारे ४०२ मीटरचे, अंतर जी आधी कापील ती विजयी ठरावयाची, अशी ड्रॅग शर्यतीची थोडक्यात व्याख्या करता येईल. या शर्यतीत वळणे नाहीत, चढउतार नाहीत आणि तासन्‌तास चालणारी चिकाटीची कसोटीही नाही. दहा-अकरा सेकंदांत सारे संपते. त्यामुळे ही केवळ इंजिनाच्या शक्तीची स्पर्धा आहे, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. परंतु ज्याने अशी गाडी स्वतःच्या हातांनी बांधली आहे, त्याचे बरेचसे श्रम विजेच्या तारा आणि इंजिनातील पाणी या दोन गोष्टींवर खर्च झालेले असतात. असे का व्हावे आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

या खेळाचा उगम दक्षिण कॅलिफोर्नियात झाला. तेथील कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर १९३० नंतरच्या दशकात तरुण मंडळी जुन्या गाड्या हलक्या करून आणि त्यांची इंजिने सुधारून वेगाच्या चाचण्या घेत असत. दुसऱ्या महायुद्धानंतर ही हौस वाढली, आणि तिच्याबरोबर सार्वजनिक रस्त्यांवर चोरून शर्यती लावण्याचे प्रकारही वाढले. त्यांना सुरक्षित जागा मिळावी म्हणून विमानांच्या धावपट्ट्या वापरण्याची कल्पना पुढे आली. १९५० साली सांता आना येथील विमानतळावर अशा शर्यती होऊ लागल्या. १९५१ साली वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था स्थापन केली आणि १९५५ साली कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड येथील एका धावपट्टीवर तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. रस्त्यावरचा धोका कमी करणे हा या संस्थेचा मूळ हेतू होता, आणि गाडी कशी बांधावी याविषयीच्या तिच्या नियमांत तो आजही दिसतो.

गाडीच्या भागांची केवळ जागा बदलल्याने काय साधते, याचे एक उदाहरण या खेळाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. ८ मार्च १९७० रोजी लाँग बीचजवळील लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर डॉन गार्लिट्स यांची गाडी सुटत असतानाच तिची गिअरपेटी फुटली. त्या काळच्या सर्वांत वेगवान गाड्यांत इंजिन पुढे, चालक त्याच्या मागे आणि गिअरपेटी चालकाच्या पायांशी, अशी रचना असे. स्फोटाने गाडीचे दोन तुकडे झाले आणि गार्लिट्स यांच्या उजव्या पायाचा काही भाग गेला. त्यानंतर त्यांनी इंजिन चालकाच्या पाठीमागे असलेली गाडी बांधली आणि १९७१ च्या आरंभी पोमोना येथील स्पर्धा तिच्याच साहाय्याने जिंकली. इंजिन त्याच जातीचे होते. बदलली होती ती मांडणी. काही वर्षांतच या श्रेणीतील सर्व गाड्या याच रीतीने बांधल्या जाऊ लागल्या. तारा आणि पाणी यांच्या बाबतीतही हाच धडा, कमी नाट्यमय रीतीने, पुन्हापुन्हा मिळत असतो.

ज्या गाडीत पाणीच नसते

ड्रॅग शर्यतीच्या सर्वोच्च श्रेणीला टॉप फ्युएल म्हणतात. या गाड्यांची शक्ती दहा हजार अश्वशक्तीहून अधिक मानली जाते. १९ व्या किंवा २० व्या सेकंदाचा प्रश्नच येत नाही. चार सेकंदांच्या आत त्यांची धाव पुरी होते. जून २००८ मध्ये न्यू जर्सीतील इंग्लिशटाउन येथे चालक स्कॉट कॅलिट्टा यांचा अपघाती मृत्यू झाल्यानंतर या श्रेणीचे अंतर पाव मैलावरून १,००० फुटांवर, म्हणजे सुमारे ३०५ मीटरवर, आणण्यात आले.

एवढ्या प्रचंड शक्तीच्या गाडीला रेडिएटर नसतो, हे ऐकून वाचकाला आश्चर्य वाटेल. तिच्या इंजिनाच्या ठोकळ्यात पाणी फिरण्यासाठी पोकळ वाटाही ठेवलेल्या नसतात. तिच्या इंधनात सुमारे नव्वद टक्के नायट्रोमिथेन असते. या द्रवाच्या ज्वलनाला हवा फार थोडी लागते, म्हणून तो सिलिंडरांत पेट्रोलच्या कितीतरी पट अधिक ओतता येतो. एवढ्या द्रवाची वाफ होताना तो भोवतीच्या धातूतील उष्णता शोषून घेतो. मातीच्या माठातील पाणी ज्या कारणाने गार राहते, तेच कारण येथे वेगळ्या प्रमाणावर काम करीत असते. शिवाय प्रत्येक धावेनंतर इंजिन पूर्णपणे सोडवून पुन्हा जुळविले जाते, त्यामुळे ते फार काळ तापून राहण्याची वेळच येत नाही. या गाडीत इंजिन सुरू करणारा स्टार्टरही नसतो. तो बाहेरून लावून काढून घेतात. ठिणगीसाठी लागणारी वीज मॅग्नेटो हे यंत्र स्वतःच निर्माण करते.

तथापि अशी गाडी बाळगणे मोठ्या चमूलाच परवडते. अमेरिकेत दर आठवड्याच्या शेवटी ज्या हजारो ड्रॅग गाड्या धावपट्टीवर उतरतात, त्यांपैकी बहुतेक हौशी लोकांनी घरच्या गॅरेजमध्ये बांधलेल्या असतात. अशा माणसाला एकच इंजिन वर्षभर चालवावयाचे असते, स्वतःच गाडी सुरू करून रांगेत उभी करावयाची असते, आणि एका दिवसात पाच-सहा वेळा धावावयाचे असते. त्याला पाणीही लागते आणि ताराही लागतात. म्हणून पुढील विवेचनासाठी अशीच एक गाडी घेऊ. ती १९७० च्या सुमाराची शेवरले नोव्हा आहे असे मानावे. तिच्यात त्याच कंपनीचे बिडाच्या ठोकळ्याचे, आठ सिलिंडरांचे, ३५० घन इंचांचे इंजिन आहे, आणि ते सुधारून त्याची शक्ती ५०० अश्वशक्तीपर्यंत नेलेली आहे. चालकासह सुमारे दीड टन वजनाची ही गाडी पाव मैलाचे अंतर अकरा सेकंदांच्या आसपास कापते आणि शेवटच्या रेषेशी तिचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या जवळ जातो.

अचूकतेची शर्यत

हौशी लोकांच्या शर्यतीचा एक प्रकार समजून घेतल्यावाचून पुढचा मुद्दा स्पष्ट होणार नाही. या प्रकारात निरनिराळ्या शक्तीच्या गाड्या एकमेकींसमोर येतात. प्रत्येक चालक आपली गाडी किती वेळात अंतर तोडील, त्याचा अंदाज आकड्यांत गाडीच्या काचेवर लिहितो. ज्याचा अंदाज जास्त सेकंदांचा असेल त्याला तेवढ्या फरकाने आधी सुटू देतात. अंदाज बरोबर असतील तर दोन्ही गाड्या अखेरच्या रेषेवर एकाच वेळी पोचावयास हव्यात. इशाऱ्याआधी सुटणारा बाद होतो. आपल्याच अंदाजापेक्षा लवकर पोचणाराही, प्रतिस्पर्ध्याने तीच चूक अधिक प्रमाणात केली नसेल तर, हरतो.

यावरून दिसेल की, येथे सर्वांत वेगवान गाडीपेक्षा प्रत्येक वेळी सारखीच धावणारी गाडी अधिक मोलाची ठरते. ताशी २०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाच्या शंभराव्या भागात सुमारे अर्धा मीटर पुढे जाते, आणि शर्यतीचा निकाल पुष्कळदा याहून कमी अंतराने लागतो. इंजिनाचे तापमान सकाळी एक आणि दुपारी दुसरे असेल, अथवा बॅटरीचा दाब उतरल्याने इंधनाचा पंप मंदावला असेल, तर धावेची वेळ बदलते आणि काचेवरचा आकडा खोटा ठरतो. हवेची घनता चालकाच्या हातात नसते. पाण्याचे तापमान आणि विजेचा दाब मात्र त्याच्या हातात असतात.

उष्णतेचा हिशेब

आता धावेच्या अकरा सेकंदांत इंजिनात किती उष्णता साठते, ते ढोबळ मानाने काढून पाहावे. पेट्रोलमधून मिळणाऱ्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा चाकांकडे जातो, तिसरा हिस्सा धुराबरोबर बाहेर पडतो आणि उरलेला तिसरा हिस्सा इंजिनाच्या धातूत आणि पाण्यात शिरतो, असे मानण्याची रीत आहे. ५०० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ३७० किलोवॉट. तेवढीच उष्णता पाण्याकडे जात असेल, तर अकरा सेकंदांत ती सुमारे ४,००० किलोज्यूल भरते. सर्व वेळ पूर्ण शक्ती मिळत नाही, म्हणून प्रत्यक्षातील आकडा याहून कमीच असणार. परंतु वरची मर्यादा म्हणून हा आकडा उपयोगी आहे.

ही उष्णता कोठे जाते? इंजिनात बारा लिटर पाणी असेल, तर ते एक अंशाने तापविण्यास ५० किलोज्यूल लागतात. बिडाचा ठोकळा आणि त्याला जोडलेले भाग मिळून २०० किलोग्रॅम धातू धरला, तर त्याला एका अंशासाठी सुमारे ९२ किलोज्यूल लागतात. म्हणजे दोहोंना मिळून एका अंशाला १४२ किलोज्यूल. ४,००० ला १४२ ने भागल्यास २८ येतात. याचा अर्थ असा की, रेडिएटरने या काळात काहीच काम केले नाही असे मानले तरी एका धावेत इंजिनाचे सरासरी तापमान २८ अंश सेल्सिअसहून अधिक वाढत नाही.

या लहानशा हिशेबाने अनेकांचा गैरसमज दूर होतो. धावेपुरते इंजिन हे जड तव्यासारखे आहे. ते उष्णता आपल्यात साठवून घेते. ६० अंशांवर सुटलेली गाडी ८८ अंशांवर परत येते, आणि यात चिंतेचे काहीच नाही. परंतु तीच गाडी ८५ अंशांवर सुटली तर शेवटी ती ११३ अंशांवर जाईल. रेडिएटरच्या झाकणाने पाण्यावर एक वातावरणाइतका अधिक दाब ठेवला, तर पाण्याचा उत्कलनबिंदू १०० वरून सुमारे १२० अंशांवर जातो हे खरे. पण २८ अंश ही केवळ सरासरी आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या भोवतीचा धातू यापेक्षा कितीतरी अधिक तापतो, तेथे वाफेचे खिसे तयार होतात आणि सिलिंडरमधील मिश्रण ठिणगीची वाट न पाहता पेटू लागते. इंजिन फुटण्याची ही एक नेहमीची वाट आहे.

म्हणून ड्रॅग गाडीला थंड करण्याचा खरा प्रश्न धावेच्या वेळी उद्भवत नाही. तो दोन धावांच्या मधल्या काळात, गाडी उभी असताना उद्भवतो. बत्तीस गाड्यांची स्पर्धा असेल तर विजेत्याला पाच फेऱ्या जिंकाव्या लागतात. पहिल्या फेरीनंतर दुसरीची पाळी येण्यास बराच वेळ लागतो. मात्र प्रत्येक फेरीत निम्म्या गाड्या गळतात, त्यामुळे विश्रांतीचा काळ उत्तरोत्तर कमी होत जातो. उपांत्य फेरीत चार गाड्या आणि अंतिम फेरीत दोनच गाड्या उरतात. ज्या वेळी इंजिनाला गार होण्यास सर्वांत कमी अवधी मिळतो, तीच वेळ सर्वांत महत्त्वाची असते.

पाण्याची वाट

नेहमीच्या मोटारीत पाण्याचा पंप इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो आणि इंजिन बंद होताच तोही थांबतो. धाव संपवून आलेल्या गाडीचे इंजिन बंद केले की, तापलेल्या धातूतील उष्णता स्थिर पाण्यात उतरते आणि तापमानदर्शकाचा काटा खाली येण्याऐवजी काही मिनिटे वरच चढतो. यावरचा उपाय म्हणजे विजेवर चालणारा पंप आणि विजेवर चालणारा पंखा. इंजिन थांबलेले असताना हे दोन्ही चालू ठेवता येतात, आणि थंड पाणी सर्वांत तापलेल्या जागेकडे जात राहते. शिवाय पंप फिरविण्यात इंजिनाची जी थोडीशी शक्ती जात होती तीही वाचते.

पंखा नुसता रेडिएटरवर आवळून भागत नाही. तो आपल्या पात्यांच्या वर्तुळाएवढ्याच भागातून हवा ओढतो. बाकीचा रेडिएटर निकामी राहतो. म्हणून रेडिएटरच्या संपूर्ण पाठीवर पत्र्याचे झाकण बसवून पंखा त्या झाकणात बसवितात. रेडिएटर आणि गाडीचे तोंड यांच्यामधील फटीही पत्र्याने अथवा फोमच्या पट्टीने बुजवितात, कारण हवा नेहमी सोपी वाट शोधते.

दुसरा शत्रू म्हणजे अडकलेली हवा. रेडिएटरचे झाकण इंजिनातील पाण्याच्या सर्वांत उंच जागेपेक्षा खाली असेल, तर भरताना इंजिनाच्या माथ्याशी हवेचा बुडबुडा राहतो. दर्शकाची कांडी त्या बुडबुड्यात उघडी राहिली तर काटा पाण्याचे तापमान दाखवीतच नाही. त्यामुळे पाणी भरण्याची जागा सर्वांत उंचावर ठेवणे, अथवा वरच्या जागांपासून हवा बाहेर पडण्यासाठी बारीक नळी काढणे आवश्यक असते.

शेवटी बाहेर सांडणाऱ्या पाण्याचा विचार. ड्रॅग गाडीची मागची रुंद, नक्षी नसलेली चाके रस्त्यावर चिकट झालेल्या रबराच्या थराला धरून धावतात. त्या थरावर पेलाभर पाणी सांडले तरी पकड सुटते, आणि ताशी २०० किलोमीटर वेगाने पकड सुटलेली गाडी शेजारच्या गाडीच्या वाटेत जाऊ शकते. म्हणून उतू जाणारे पाणी धरण्यासाठी किमान एक पाइंट मापाचे, म्हणजे सुमारे अर्ध्या लिटरचे, भांडे बसविणे नियमाने बंधनकारक आहे. थंडीत गोठू नये म्हणून पाण्यात मिसळले जाणारे ग्लायकॉल तर पाण्याहून निसरडे असते आणि लवकर वाळतही नाही. अनेक धावपट्ट्यांवर त्याला मनाई असते. तेथे साधे पाणी आणि गंज रोखणारे द्रव्य एवढ्यावरच काम भागवितात. रबरी नळ्यांचे पट्टे घट्ट आहेत की नाहीत, हे पाहण्याचे काम क्षुल्लक वाटते. पण त्यावर अवलंबून असलेला जीव पुष्कळदा दुसऱ्याच गाडीतला असतो.

जाड तार आणि बारीक तार

आता पाण्याचा प्रश्न विजेच्या प्रश्नाला कसा जोडला जातो, ते दिसून येईल. पंखा सुमारे २५ अँपिअर आणि पंप सुमारे ७ अँपिअर प्रवाह घेतो असे धरले, तर प्रत्येक फेरीनंतर पंधरा मिनिटे दोन्ही चालविल्यास बॅटरीतून ८ अँपिअर-तास खर्च होतात. पाच फेऱ्यांत ४० अँपिअर-तास. ६० अँपिअर-तासांची बॅटरी यानंतर जवळजवळ उतरलेली असेल, आणि इंजिन सुरू करण्याचे व ठिणगी देण्याचे काम तिच्याकडे अद्याप असतेच. म्हणून अशा गाडीत आल्टर्नेटर ठेवावा लागतो, अथवा दोन फेऱ्यांच्या दरम्यान बॅटरी बाहेरून भरून घ्यावी लागते. ज्याने हा हिशेब केला नाही, त्याची गाडी उपांत्य फेरीत गार तर असते, पण सुरू होत नाही.

या गाड्यांत बॅटरी बहुधा बॉनेटखालून काढून मागच्या डिकीत नेतात, कारण तिचे वजन मागच्या चाकांवर आले की पकड सुधारते. पण त्यामुळे तारेची लांबी वाढते. तांब्याची पाच मीटर लांबीची, ५० चौरस मिलिमीटर छेदाची तार घेतली आणि स्टार्टरने २०० अँपिअर प्रवाह ओढला, तर त्या तारेत सुमारे ०.३ व्होल्ट खर्ची पडतो. तीच तार १६ चौरस मिलिमीटरची असेल तर खर्च १ व्होल्टच्या वर जातो. बारा व्होल्टच्या बॅटरीतून एवढा दाब वाटेतच गेला, तर तापलेले, उच्च दाबाचे इंजिन फिरविणे स्टार्टरला जड जाते. परतीच्या वाटेलाही हाच नियम लागू आहे. गाडीच्या जुन्या पत्र्यावर, रंगाच्या थरावर अर्थची तार आवळून टाकणे ही नवख्या माणसाची नेहमीची चूक होय. जाणारी तार जेवढी जाड, तेवढीच परतीची तार इंजिनापासून बॅटरीपर्यंत आणणे हा खात्रीचा मार्ग आहे.

बारा व्होल्टचा धक्का माणसाला जाणवत नाही, त्यामुळे मोटारीतील वीज निरुपद्रवी असते असा समज आहे. तो धोकादायक आहे. बॅटरीची जाड तार पत्र्याच्या कडेला घासून उघडी पडली, तर शेकडो अँपिअर प्रवाह वाहू लागतो. काही क्षणांत तिचे आवरण पेटते, आणि इंधनाची नळी जवळ असेल तर पुढचे सांगावयास नको. स्टार्टरच्या या तारेला सहसा फ्यूज नसतो. म्हणून ती इंधनाच्या नळीपासून दूर, संरक्षक नळीतून, थोड्या थोड्या अंतरावर पट्ट्यांनी बांधून न्यावी लागते, आणि पत्र्याच्या भोकातून जाताना त्या भोकाला रबरी कडे बसवावे लागते. इतर तारांना फ्यूज असतात. फ्यूज हा दिव्याचा अथवा पंख्याचा रक्षक नसून तारेचा रक्षक आहे. म्हणून त्याची जागा बॅटरीच्या बाजूला, तारेच्या आरंभी असते. तो तारेच्या शेवटी बसविला तर त्याच्या अलीकडची सारी तार उघड्या धोक्यात राहते.

पंख्याचा २५ अँपिअरचा प्रवाह चालकापुढील लहान बटणातून नेणे योग्य नाही. तेथे रिले उपयोगी पडतो. बटणापासून बारीक तार रिलेपर्यंत जाते आणि तिच्यातून अत्यल्प प्रवाह वाहतो. रिले त्या इशाऱ्याने जाड तारेचा मार्ग जोडतो. असे सर्व रिले आणि फ्यूज एका फळीवर, हात सहज पोचेल अशा जागी एकत्र बसविले, म्हणजे चालकापुढे जड प्रवाहाची एकही तार येत नाही.

ठिणगीच्या तारांतील दाब हजारो व्होल्टांचा असतो. त्यांच्या शेजारून इंजिनाच्या फेऱ्या मोजणाऱ्या साधनाची तार नेली, तर तिच्यात खोटे संकेत उमटतात आणि ठिणगी अवेळी पडते. या दोन जातींच्या तारा परस्परांपासून दूर ठेवाव्या. जेथे त्या एकमेकींना ओलांडतात तेथे काटकोनात ओलांडाव्या. आणि संकेताच्या दोन तारांना एकमेकींभोवती पीळ द्यावा. टोकाला लग बसविताना तो योग्य पकडीने दाबून बसविणे अधिक चांगले मानतात. डाग दिल्यास शिसे व कथील तारेत वर चढते, तो भाग ताठर होतो, आणि इंजिनाच्या थरथरीने तार बरोबर त्या ताठर भागाच्या कडेशी तुटते.

मुख्य स्विच

बॅटरी मूळ जागेवरून हलविली की, गाडीच्या सर्वांत मागच्या भागावर, बाहेरून हात पोचेल असा मुख्य स्विच बसविणे नियमाप्रमाणे आवश्यक होते. तो दाबण्या-ओढण्याच्या जातीचा असेल तर दाबल्याने वीज बंद व्हावयास हवी. ओढून बंद होणारा स्विच चालत नाही, कारण अपघाताच्या वेळी धावत आलेल्या माणसाला विचार करण्यास अवकाश नसतो. तो समोर दिसेल त्यावर हात मारतो.

या स्विचने गाडीतील सर्व विद्युत् कार्ये थांबली पाहिजेत, ठिणगीसुद्धा. येथे एक सापळा आहे. इंजिन चालू असताना आल्टर्नेटर स्वतःच वीज निर्माण करीत असतो. त्याची तार स्विचच्या पलीकडे, म्हणजे ठिणगी, पंप इत्यादींच्या बाजूला, जोडलेली असेल तर बॅटरी तुटल्यावरही आल्टर्नेटर ठिणगीला वीज पुरवितो. इंजिन चालूच राहते, इंधनाचा पंप आगीत इंधन ओतत राहतो, आणि मदतीला आलेल्या माणसाला आपण बटण दाबले असूनही असे का होते ते कळत नाही. म्हणून आल्टर्नेटरची तार स्विचच्या अलीकडे, बॅटरीच्या टोकावर, आणावी लागते आणि बॅटरीजवळ तिला स्वतंत्र फ्यूज द्यावा लागतो. मग स्विच उघडताच बॅटरी आणि आल्टर्नेटर दोन्ही एका बाजूला राहतात, आणि ठिणगी व पंप निर्जीव होतात. हे जोडकाम बरोबर झाले की नाही, हे कागदावरून ठरवू नये. इंजिन चालू ठेवावे, मागे जाऊन स्विच दाबावा आणि इंजिन तत्काळ मरते की नाही ते पाहावे. ही परीक्षा गॅरेजमध्येच उरकलेली बरी.

दोष सापडणे

तारांची जुडी नीटनेटकी असावी, हा आग्रह पुष्कळांना सौंदर्याचा वाटतो. त्याचे खरे मोल अडचणीच्या वेळी कळते. समजा, उपांत्य फेरी जिंकून गाडी परत आली आहे, अंतिम फेरीस वीस मिनिटे उरली आहेत आणि पंखा फिरत नाही. तारा एकाच रंगाच्या, कशाही गुंडाळलेल्या आणि चिकटपट्टीने जोडलेल्या असतील, तर चालकापुढे एकच उपाय उरतो, आणि तो म्हणजे तापलेल्या इंजिनाशी पैज लावणे. उलट प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना क्रमांक असेल आणि त्या क्रमांकांचा नकाशा गाडीत ठेवलेला असेल, तर शोध पायरीपायरीने होतो. फ्यूज शाबूत आहे काय? रिलेला बटणाचा इशारा पोचतो काय? रिलेतून पंख्याकडे वीज जाते काय? पंख्याच्या टोकाशी वीज आहे, पण तो फिरत नाही. म्हणजे दोष एक तर परतीच्या तारेत, नाही तर पंख्यातच आहे. लहानशा परीक्षण-दिव्याने ही चार उत्तरे दोन मिनिटांत मिळतात. सैल झालेला अर्थचा बोल्ट आवळण्यास तिसरे मिनिट पुरते. उरलेली सतरा मिनिटे पाणी गार होण्यासाठी मिळतात.

वरच्या हिशेबात ६० आणि ८५ अंश या दोन आकड्यांमधील अंतर एवढेच आहे. एका बाजूला सुखरूप धाव आहे आणि दुसऱ्या बाजूला वाफ, फुटलेले इंजिन, रस्त्यावर सांडलेले पाणी व तेल, आणि शेजारून येणारी दुसरी गाडी आहे. प्रेक्षकांना यातले काहीच दिसत नाही. त्यांना दिसतात ती धुराने वेढलेली चाके आणि पेटणारे दिवे. चालकाने मात्र त्या दिव्यांसमोर उभे राहण्यापूर्वी दोन काटे पाहिलेले असतात, एक पाण्याच्या तापमानाचा आणि दुसरा विजेच्या दाबाचा. दोन्ही काटे सकाळच्या पहिल्या धावेच्या वेळी जेथे होते तेथेच असतील, तर काचेवर लिहिलेल्या आकड्यावर त्याने विश्वास ठेवण्यास हरकत नसते.